घरांचे आकडे

श्लेहनरोड. नावातच कुऱ्हाड आहे:
काटेरी झुडपं तोडून काढलेली जागा, एवढाच अर्थ.
कोणी तोडली, ते चर्चच्या वहीत नाही.
वही सुरू होते एका दंडापासून,
पाद्र्याच्या रानात डुकरं सोडली म्हणून.

गाव बशीसारखं. काठावर बीचचं रान,
बुडाशी ओढा, त्याला आम्ही नुसतं ‘पाणी’ म्हणतो.
जमीन काळ्या दगडाची. दर वसंतात
नांगरापुढे नवे दगड वर येतात,
जणू खाली कोणी रात्रपाळीला आहे.
बांध आता माणसाच्या डोक्यावर गेलेत.
आमच्याकडे पिकतं काय, तर राय, बटाटे आणि बांध.

मी अठ्ठावन्न साली टपाल वाटायला लागले
तेव्हा रस्त्यांना नावं नव्हती. घरांना आकडे होते,
आणि ते शेजाराने नाही, वयाने लागलेले.
आधी बांधलं ते एक. पुढचं कुठेही असो, ते दोन.
म्हणून एकच्या भिंतीला भिंत लावून एकोणचाळीस,
आणि दोन पार गिरणीपलीकडे.
जुना पोस्टमन गुंटहार्ड लोट्स म्हणाला,
“पोरी, इथे नुसत्या पायांनी पत्र पोचत नाही.
आधी इतिहास पाठ कर.”

केला.
सात ते अकरा: तीस वर्षांची लढाई संपल्यावर
रानातून परत आलेल्यांची.
अठरा: दोनदा जळालं, आकडा तोच.
एकतीस: बटाटे कुजले त्या साली विकून सगळे अमेरिकेला;
चौकटीवर पोरांच्या उंचीच्या खुणा,
सर्वांत धाकट्याची गुडघ्याएवढी.
बेचाळीसपासून पुढे, पूर्वेकडून हाकललेले.
बटाट्याला ते वेगळाच शब्द वापरत,
आणि आम्ही हसायचो.

तेवीस नव्हतं.
बावीस लोहाराचं, चोवीस आमचं,
मध्ये बंबाची शेड, बिनआकड्याची.
लोट्सला विचारलं तर तो वाकून
बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागला.

एकसष्टच्या नोव्हेंबरात पत्र आलं, माँटेव्हिडिओहून.
निळा पातळ कागद. ‘उ’वर छोटी कमान,
जशी आमच्याच शाळेत पूर्वी शिकवत.
‘सध्या राहणाऱ्यांस, घर तेवीस.’
पाठवणार: बेटी श्टीबेल.
मी शेडपुढे उभी राहिले. दाराला कुलूप.
आत बंब, त्याची पितळी तोटी लखलखीत;
गावात तिच्याइतकं काहीच कोणी पुसत नसे.
मग शिक्का मारला: पत्त्यावर कोणी नाही.
खोटं नव्हतं ते.
त्याच्या बाजूने एवढंच बोलता येईल.

संध्याकाळी आईने कपाटातून बशा काढल्या.
अक्रोडाचं कपाट. दाराच्या आत पेन्सिलीने
गाईंचे हिशेब: लाल कालवड, एका शिंगाची,
‘लोहाराकडून बाकी बारा’.
आमच्यात ते अक्षर कोणाचंच नाही.
“हे कुठून आलं?”
“लिलावातून,” आई म्हणाली.
“सगळ्यांनीच काही ना काही घेतलं.”
सूप वाढलं. मी प्यायले.
मीठ जास्त झालंय, असंही म्हणाले.

पुढे आम्ही शेजारच्या गावात विलीन झालो,
कागदावर, एका मंगळवारी.
रस्त्यांना झाडांची नावं आली,
डावीकडे विषम, उजवीकडे सम.
बंबाच्या शेडलाही मिळालं: लिंडेन रस्ता, आठ.
आता परका माणूसही पत्र पोचवतो,
काहीही पाठ न करता.

झोप लागत नाही तेव्हा मी जुन्या क्रमाने निघते.
एक, मग गिरणी ओलांडून दोन,
चढ, लोहाराचं कुत्रं, बावीस.

पाठवणारीचा पत्ता मी तेव्हाच उतरवला होता,
कपाटाच्या दाराच्या आत, कालवडीच्या खाली.
पेन्सिल पुसट होत नाही, उजेड लागला नाही तर.
परवा टेबलावर कागद घेतला.
तारीख घातली, गावाचं नाव घातलं.
मग सवयीने, घराचा आकडा.